नवी मुंबईत नवे आहात? घरच्यांसोबत हिरवाईतला एक दिवस असा आखा

नोकरीनिमित्त नवी मुंबईत आलेल्या कुटुंबांचे पहिले काही महिने घर लावण्यात, शाळाप्रवेशात आणि लोकलचं वेळापत्रक पाठ होण्यात निघून जातात. मग मुलं विचारायला लागतात, रविवारी कुठे जायचं? जवळचं आणि सोपं उत्तर मॉल असतं. पण या शहराची रचनाच अशी आहे की मॉलइतक्याच अंतरावर खाडी आहे, तळी आहेत आणि डोंगरही आहे. पूर्वेला पारसिकची रांग, पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात सिडको या सरकारी नगररचना महामंडळाने 1970 पासून वसवत आणलेले नोड, म्हणजे वाशी, नेरुळसारखे शहराचे भाग. बहुतेक स्टेशनांवरून दोन्हींपैकी एक तरी बाजू रिक्षाच्या अंतरावर आहे.

तरीही अशा सहली बऱ्याचदा फसतात. मुलं रडकुंडीला येतात, आजीचे गुडघे बोलायला लागतात, दुपारी एक वाजता सावली सापडत नाही, आणि ज्या पक्ष्यांसाठी आलो ते समोर नसतातच. अशा वेळी दोष ठिकाणाला दिला जातो, पण खरी चूक आखणीत असते. इथला दिवस तीन गोष्टींवर ठरवावा लागतो: बरोबर कोण आहे, ऊन कसं आहे आणि खाडीला पाणी कधी आहे. ठिकाणाचं नाव त्यानंतर घ्यायचं. पुढची सगळी पायरी-पायरीची मांडणी याच विचाराने केली आहे.

पहिली पायरी: सगळ्यात सावकाश चालणारं माणूस कोण?

दिवसाचा वेग तेच माणूस ठरवतं. ते तीन वर्षांचं पोर असेल, गावाहून आलेले सासरे असतील किंवा सातव्या महिन्यातली वहिनी असेल. त्या व्यक्तीला न थांबता किती चालता येतं, हे आधी प्रामाणिकपणे विचारा. ‘चालतो की मी, काय होतंय,’ हे उत्तर धरू नका. आपली मोठी माणसं मुलांचा विरस नको म्हणून हो म्हणतात आणि रात्री पाय चेपत बसतात. घरापासून बाजारापर्यंत जाताना ती कुठे थांबतात ते आठवा; त्यावरून खरा अंदाज येतो.

त्या माणसासाठी तीन गोष्टी लागतात: पाठ टेकता येईल असं बाक, सावली आणि स्वच्छतागृह. तिन्ही जिथे जवळजवळ आहेत तिथेच तळ ठोका. बाकीच्यांनी तिथून दोन-दोन जणांच्या जोड्या करून फिरून यावं. सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच गेलं पाहिजे हा हट्ट सोडला की अर्धी दमणूक वाचते. आजी-आजोबा झाडाखाली बसून माणसं बघतात, नातवंडं पळून येऊन काय काय दिसलं ते सांगतात, आणि दोघांचाही दिवस चांगला जातो.

तान्हं बाळ असेल तर बाबागाडीपेक्षा झोळी बरी. स्टेशनचे जिने, फुटपाथवरचे उंचवटे आणि बागेच्या दारातले लोखंडी अडथळे यांत बाबागाडी उचलण्यातच जीव मेटाकुटीला येतो.

दुसरी पायरी: महिना कोणता आहे ते बघा

डिसेंबर ते फेब्रुवारी हा राजा काळ. सकाळी सातपासून अकरापर्यंत कुठेही फिरा. मार्चपासून मात्र दिवसाचे दोन तुकडे करावे लागतात: सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळात घरी किंवा निदान छपराखाली. एप्रिल-मे महिन्यांत अंगाला घामाची चिकचिक असते, पण याच दिवसांत बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडतो आणि ताम्हणाला जांभळा बहर येतो. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल. नवी मुंबईतल्या कित्येक सोसायट्यांच्या कुंपणालगत आणि रस्त्याच्या कडेला ही दोन्ही झाडं आहेत. तेव्हा मे महिन्यात लांब जाऊ नका, आपल्याच सेक्टरमध्ये सकाळी सहाला बहावा मोजत फिरा. लहान मुलांना तेवढं पुरतं.

पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो आणि खारघर, बेलापूरकडे ओढे वाहू लागतात. इथे मी स्पष्टच सांगते: मुलांना घेऊन धबधब्याखाली जाऊ नका. खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर बुडून अनेक तरुण जीव गेले आहेत. पावसाळ्यात तिथे जाण्यावर मनाई असते आणि पोलिसांचा बंदोबस्त असतो. डोंगरावर वर कुठेतरी जोराची सर आली की खालच्या ओढ्याला काही मिनिटांत लोंढा येतो. खाली ऊन असतानाही येतो. धबधबा लांबून बघा, फोटोही लांबूनच काढा. जुलै-ऑगस्टमध्ये पायवाटा निसरड्या आणि बाक ओले असतात, म्हणून त्या दिवसांत फरसबंद वाट आणि निवारा असलेलं उद्यानच निवडा.

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा फसवा असतो. हिरवळ असते, पण ऊन चटका देतं आणि डासही असतात. दिवाळीनंतर बघू म्हणा.

तिसरी पायरी: ठिकाण एक, फार तर दीड

मुख्य ठिकाण एकच ठेवा आणि परतीच्या वाटेवर अर्ध्या तासाचं काहीतरी जोडा. एका दिवसात ऐरोली, नेरुळ आणि खारघर करायचं ठरवलंत तर दिवस रिक्षातच संपेल.

लहान मुलं घरात असतील तर नेरुळपासून सुरुवात करावी. सेक्टर 19 अ मधल्या वंडर्स पार्कमध्ये जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत, टॉय ट्रेन आहे, खेळणी आहेत. इथे हिरवाईपेक्षा खेळ जास्त, पण तीन ते दहा वयोगटाला हेच हवं असतं. आत जायला तिकीट लागतं आणि रविवारी संध्याकाळी रांग मोठी असते, त्यामुळे शनिवार बरा. सेक्टर 21 चं रॉक गार्डन त्या मानाने शांत आहे.

मोठ्यांना चालायला आवडत असेल तर पाम बीच रस्त्यालगतचं ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ बघा. मध्ये भलं मोठं पाणी आणि त्याच्या कडेने चालण्याची वाट. हे पाणी तिथे का आहे, हे मुलांना जरूर सांगा. नवी मुंबईचा खाडीलगतचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी नाल्यांतून शहरात शिरू नये म्हणून मुखाशी झडपा असतात. त्या मिटल्या की पावसाचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही, ते साठवायला शहरात जागोजागी धारण तलाव खोदलेले आहेत. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि तलाव रिकामे होऊ लागतात. आपण ज्या पाण्याकाठी चणे खात बसतो, त्या पाण्याने जुलैमध्ये आपल्या पार्किंगचा बचाव केलेला असतो. माझ्या मते नवी मुंबईत राहणाऱ्या प्रत्येक मुलाला हे माहीत असलं पाहिजे.

कोपरखैरणेचं निसर्ग उद्यानही असंच समजून घेऊन बघण्यासारखं आहे. पूर्वी तिथे शहराचं डम्पिंग ग्राउंड होतं. ते शास्त्रीय पद्धतीने बंद करून वर ही बाग उभी राहिली. आठवी-नववीच्या मुलांना शाळेत कचरा व्यवस्थापन हा धडा असतो. तो धडा इथे पायाखाली आहे.

खारघरचं सेंट्रल पार्क पसाऱ्याने सगळ्यांत मोठं. मुलांना सायकल, पतंग किंवा चेंडू घेऊन पळायचं असेल तर याच्यासारखी जागा नाही, आणि मागे डोंगर दिसत असतो. 2023 पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू आहे आणि तिचं ‘सेंट्रल पार्क’ नावाचं स्थानकच आहे. मेट्रोची सफर हाच मुलांसाठी निम्मा आनंद असतो. मात्र जागा मोकळी आहे, झाडांची दाट सावली धरून चालू नका. इथे संध्याकाळी जावं.

वाशीकरांना सागर विहार आणि मिनी सीशोर संध्याकाळच्या दोन तासांसाठी हाताशी आहेत.

आणि एक पूर्ण दिवस काढता येत असेल, सगळ्यांचे पाय धड असतील, तर कर्नाळा. पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने पेणच्या दिशेने गेलं की लागणारं हे पक्षी अभयारण्य 1968 मध्ये स्थापन झालं. क्षेत्र 12.11 चौरस किलोमीटर. पनवेल एसटी स्टँडवरून पेण-अलिबागकडे जाणारी साधी गाडी पकडावी आणि चढतानाच वाहकाला सांगून ठेवावं. किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका महामार्गावरूनही दिसतो. लहान मुलं आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर किल्ल्याच्या वाटेला लागू नका. चढ दमवणारा आहे आणि वर सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात. तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा यातलं काहीही चालत नाही. खालच्या निसर्गवाटांवर सकाळी लवकर हळू चाललात तर पक्षी आधी ऐकू येतात आणि मग दिसतात. माकडं आहेत, त्यामुळे खाऊची पिशवी हातात लोंबकळती ठेवू नका.

चौथी पायरी: खाडीवर जायचं तर पंचांग उघडा

नवी मुंबईत येऊन रोहित पक्षी बघितले नाहीत असं होऊ देऊ नका. फ्लेमिंगो म्हणा, रोहित म्हणा किंवा अग्निपंख म्हणा. साधारण नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत ठाण्याच्या खाडीत हजारोंनी उतरतात, कच्छच्या रणाकडून आणि गुजरातच्या इतर पाणथळींतून. जानेवारी ते एप्रिल हा हमखास दिसण्याचा काळ. 2015 मध्ये खाडीचा हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

पण ते दिसणं पूर्णपणे पाण्यावर अवलंबून आहे. ओहोटी लागली की खाडीच्या तळाचा चिखल उघडा पडतो. त्या चिखलात शेवाळ आणि बारीक जीव असतात, आणि सगळे रोहित तिकडे पांगून मान खाली, चोच उलटी घालून गाळत बसतात. तेव्हा ते काठापासून खूप लांब असतात. भरती चढू लागली की चिखल झाकला जातो आणि पक्षी काठाजवळच्या उथळ तळ्यांवर विश्रांतीला येतात. सीवूड्सचं, डीपीएस शाळेजवळचं डीपीएस तळं आणि नेरुळच्या टी. एस. चाणक्य संस्थेमागची पाणथळ जागा या त्यांच्या ओळखीच्या जागा. म्हणजे तळ्यावर बघायचे असतील तर भरतीच्या आसपास जा. ओहोटीला गेलात तर रिकामं पाणी आणि चार बगळे दिसतील.

भरतीची वेळ मोबाइलवर मिळते. पण आगरी-कोळ्यांच्या घरोघरी ठाऊक असलेला हिशेब शिकून घ्या, मुलांनाही मजा वाटते. कॅलेंडरवर त्या दिवशीची तिथी बघायची. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, प्रतिपदा म्हणजे 1 आणि पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे 15. त्या आकड्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या सुमाराला पूर्ण भरती, आणि पुन्हा सुमारे साडेबारा तासांनी दुसरी. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. द्वादशी असेल तर नऊ. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे. प्रत्यक्षात भरती अर्धा-पाऊण तास उशिरा येऊ शकते, आणि खाडीत आतवर पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो. तरी घरातून कधी निघायचं हे ठरवायला तेवढं पुरे आहे.

आता कुटुंबाच्या दृष्टीने बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी भरपूर चढतं आणि पक्षी नक्की तळ्यांवर ढकलले जातात. पण ती वेळ येते दुपारी बारा-साडेबाराची. जानेवारीत डोक्यावर टोपी घालून चालून जाईल, मार्चनंतर नको. अष्टमी-नवमीला भांगाची भरती, पाणी कमी चढतं, काही पक्षी चिखलावरच राहतात. या दोन्हींच्या मधल्या तिथ्या आपल्या कामाच्या. एकादशी-द्वादशीचा रविवार आला तर सकाळी आठ-नऊची भरती मिळते: नाश्ता करून निघा, दहापर्यंत परत. पंचमी-षष्ठीचा रविवार असेल तर भरती चार-साडेचारला, पक्षी निवांत आणि ऊन उतरतं. मला स्वतःला हा संध्याकाळचा बेत जास्त आवडतो, कारण मावळतीचं तिरकं ऊन पंखांवर पडलं की तो गुलाबी रंग खुलतो. मुलांना सांगा की हा रंग त्यांच्या खाण्यातून येतो. पिल्लं जन्मतात तेव्हा करडी असतात.

सीवूड्स-दारावे स्टेशनवरच मॉल आहे, त्यामुळे स्वच्छतागृह आणि पाण्याची सोय तिथेच करून पुढे जा. तळ्यावर यातलं काहीही नाही. पाम बीच रस्त्यावर गाड्या भरधाव असतात. मुलांचा हात धरून फक्त सिग्नललाच ओलांडा.

तळ्याकाठी वागण्याचेही नियम आहेत. दगड मारून थवा उडवायचा नाही, व्हिडिओसाठी तर अजिबात नाही. टाळ्या, शिट्ट्या, ड्रोन नको. तळ्यावर आलेला पक्षी आराम करत असतो. त्याला दर दहा मिनिटांनी उडवलं तर तो पुढच्या ओहोटीपर्यंत दमून जातो. 2024 च्या उन्हाळ्यात डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी यायचे मार्ग अडले, तळं सुकलं आणि परिसरात काही रोहित मेले. तेव्हा याच शहरातले सामान्य रहिवासी पाण्यासाठी उभे राहिले. त्या तळ्याकाठी आपण पाहुण्यासारखं वागलं पाहिजे.

पाचवी पायरी: ऐरोलीचं केंद्र, सहलीचा कणा

दहा-बारा वर्षांपुढची मुलं असतील तर मी सगळ्यांत आधी ऐरोलीचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र सुचवेन. ऐरोली पुलाजवळ खाडीकाठी आहे. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला ‘फ्लेमिंगो सेंटर’ म्हटलं की कळतं. वन विभागाच्या कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्षाचं हे काम. आत माहितीचं दालन आहे, खारफुटीतून जाणारी लाकडी फळ्यांची वाट आहे, आणि हंगामात खाडीत नेणाऱ्या नावा आहेत.

नावेच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात, त्यामुळे रोज बदलतात, आणि शनिवार-रविवारच्या जागा आधीच भरतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी नावेची वेळ आरक्षित करा, मग तिच्याभोवती नाश्ता, जेवण आणि प्रवास बसवा. ‘जाऊन बघू, मिळेल जागा,’ असं म्हणून उन्हात आजोबांना रांगेत उभं करू नका. सोमवारी बऱ्याच उद्यानांना आणि केंद्रांना साप्ताहिक सुट्टी असते, तेव्हा सोमवारच्या जोडसुट्टीचा बेत असेल तर आधी फोन करा. नावेत बसण्याआधी सगळ्यांना, विशेषतः लहानांना, स्वच्छतागृहात नेऊन आणा.

नावेचं तिकीट मिळालं नाही तरी परत फिरू नका. ओहोटीच्या वेळी त्या लाकडी वाटेवर पाच मिनिटं गप्प उभं राहा. आधी नुसता करडा चिखल दिसतो आणि त्यातून वर आलेली पेन्सिलीएवढी टोकं, हजारो. ती तिवराची श्वसनमुळं. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. मग चिखल हलायला लागतो. आपली चाहूल लागून बिळात दडलेले खेकडे एकेक बाहेर येतात. नराचा एक आकडा इवलासा आणि दुसरा जवळजवळ अंगाएवढा, तो उंचावून खुणा करत बसतो. मग एक निवटी टुणकन उडी मारते. निवटी हा मासा, पण पाण्याबाहेर चिखलावर पुढच्या परांनी सरपटतो आणि डोळे डोक्यावर. हे दिसायला पाच मिनिटांची शांतता पुरते. मुलांशी पैज लावा, कोण जास्त वेळ गप्प राहतं.

तिवराचं पान तोडायला सांगू नका. पडलेलं उचला आणि उन्हाकडे धरून बघा. पानावर मिठाचे बारीक कण चकाकतात, कारण हे झाड खारट पाणी पिऊन मीठ पानातून बाहेर टाकतं. खारफुटीतल्याच पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने 2020 मध्ये राज्य कांदळवन वृक्ष घोषित केलं. आपण ऐरोलीला राहतो आणि हे झाड ओळखू शकतो, ही मुलाला शाळेत सांगायला मोठी गोष्ट आहे.

सहावी पायरी: प्रवास आणि मेगाब्लॉक

बाहेरगावाहून आलेल्यांना हे उशिरा कळतं: रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो. हार्बर (मुंबई-पनवेल) आणि ट्रान्स-हार्बर (ठाणे-नवी मुंबई) मार्गांवर साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार-साडेचारपर्यंत गाड्या बंद किंवा विस्कळीत. शनिवारी पेपरात किंवा रेल्वेच्या सूचनेत बघून ठेवा. ब्लॉक असेल तर अकराच्या आत पोचा आणि एकतर ब्लॉक सुरू होण्याआधी परता किंवा पाच वाजेपर्यंत थांबायची तयारी ठेवा. मधल्या वेळात अडकलेली मुलं फलाटावर जो गोंधळ घालतात, तो टाळता येण्यासारखा आहे.

ठाण्याहून येणाऱ्यांना ट्रान्स-हार्बरची वाशी, नेरुळ किंवा पनवेल गाडी. ऐरोली आणि कोपरखैरणे या मार्गावरच आहेत. सीवूड्स, बेलापूर, खारघरला पनवेल गाडी. एनएमएमटीच्या, म्हणजे नवी मुंबई महापालिकेच्या, बसेस स्टेशनपासून बहुतेक सेक्टरना जातात, पण रविवारी फेऱ्यांत अंतर जास्त असतं. चार-पाच जणांचं कुटुंब असेल तर शेवटचा टप्पा रिक्षानेच करा. परतीची रिक्षा खाडीकाठी मिळत नाही. येताना सोडणाऱ्या रिक्षावाल्याकडूनच न्यायला यायची वेळ ठरवून घ्या.

सातवी पायरी: डबा आणि पिशवी

डबा कोरडा ठेवा. रस्सा सांडतो, दहीभात उन्हाने आंबतो. दशम्या, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी, तूप-गुळाची पोळी गुंडाळून, काकडीच्या फोडी, उकडलेले शेंगदाणे. मुलांसाठी चिवडा वेगळ्या छोट्या डब्यांत, म्हणजे भांडणं नाहीत. पाणी माणशी निदान एक लिटर, उन्हाळ्यात दीड. ताक थर्मासमध्ये. अनेक उद्यानांत आत खायला बंदी असते, म्हणून जेवणाची जागा आधी ठरवा. वन विभागाच्या ठिकाणी प्लास्टिक नेऊच नका. स्टीलचे डबे आणि कापडी पिशवी पुरते.

पिशवीत बाकी हे असू द्या: जुनी चादर किंवा सतरंजी, टोप्या, डासांचं मलम, ओआरएसची दोन पाकिटं, ओला रुमाल, लहानांचा एक जादा कपड्यांचा जोड, आजी-आजोबांच्या गोळ्या आणि कचऱ्यासाठी रिकामी पिशवी. दुर्बीण असेल तर सोन्याहून पिवळं. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे. भडक रंगाला पक्षी बिचकतात. पायात बंद बूट, कारण खाडीकाठी काचा आणि शिंपल्यांच्या धारा असतात.

पक्ष्यांना, माशांना, माकडांना काहीही खायला घालू नका. शेव, पाव, बिस्कीट त्यांच्या पोटासाठी नाहीत. मोठ्यांनी घातलं की मुलं घालतात, म्हणून ही शिस्त मोठ्यांपासून.

एका दिवसाचा नमुना

समजा फेब्रुवारीतला षष्ठीचा रविवार आहे. सकाळी उशिरा उठा, घरी जेवा, आजी-आजोबांची दुपारची डुलकी होऊ द्या. तीनला निघा. ब्लॉकमध्ये गाड्या उशिरा असतील तर बसने या. पावणेचारपर्यंत सीवूड्स स्टेशन, तिथेच पाणी भरून घ्या. सव्वाचारला डीपीएस तळ्याकाठी. तासभर पक्षी, दुर्बीण आधी आजोबांच्या हातात द्या, त्यांना लांबचं बघायचा हक्क पहिला. सव्वापाचला रिक्षाने ज्वेल ऑफ नवी मुंबई. ज्यांना चालायचं त्यांनी चालावं, बाकीच्यांनी बाकावर बसून ठेपले काढावेत. साडेसहाच्या आसपास सूर्य मावळतो. अंधार पडायच्या आत डासांचं मलम लावा आणि निघा. सातपर्यंत गाडीत.

मध्येच एखादा जखमी रोहित, घार किंवा रस्त्यावर भरकटलेला कोल्हा दिसला (हो, इथल्या खारफुटीत कोल्हे आहेत) तर उचलायला किंवा पकडायला जाऊ नका. चोच आणि दात दोन्ही लागतात, आणि घाबरलेला प्राणी धक्क्याने मरू शकतो. मुलांना मागे घ्या, कुत्र्यांना आणि गर्दीला लांब ठेवा आणि वन विभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर फोन करा. फोनवर जवळची खूण, सेक्टर आणि रस्त्याचं नाव सांगा, आणि माणसं येईपर्यंत शक्य असेल तर एकाने तिथेच थांबा. हा क्रमांक निघण्याआधीच मोबाइलमध्ये जतन करून ठेवा.